खांब ते खांब

शर्यतीत पहिलं कोण आलं याला महत्त्व असतं, सरावाच्या फेरीत किती वेळ लागला याला. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्या दिवशी बाकीचे किती जोरात होते, कोण कुणाच्या चाकामागे लपून आलं, यावर ते राजेपण ठरतं. एकटीने मारलेल्या फेरीत यातलं काहीच नसतं. पुढे कुणाचं चाक नाही, मागे कुणाची धाप ऐकू येत नाही. गेल्या आठवड्यातली मी आणि आजची मी, अशा दोघींचीच शर्यत, आणि त्यातली एक आता रस्त्यावर नाही. तिचा आकडा तेवढा मागे राहिला आहे. म्हणून तो आकडा कशाने मोजला, कसा मोजला आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, याचा मी मनापासून विचार करते.

कुपवाडच्या एमआयडीसीतले रस्ते साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी मोकळे असतात. सहा किलोमीटरच्या आसपासची एक फेरी तिथे नीट बसते. विजेच्या एका खांबापासून निघायचं, सगळी वळणं डावीकडे घ्यायची आणि त्याच खांबाशी यायचं. डावीकडेच, कारण आपली वाहतूक डावीकडून चालते आणि डावं वळण घेताना समोरून येणाऱ्याला आडवं जावं लागत नाही. उसाच्या हंगामात हे फार कामाचं ठरतं; दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला आपल्यासाठी ब्रेक मारता येईल, अशी आशा धरू नये.

निघालो तिथेच परत येत असल्यामुळे चढ-उताराची बेरीज शून्य होते. वाऱ्याची होत नाही. वाऱ्याविरुद्धच्या पट्ट्यात वेग पडतो, म्हणजे तिथे आपण जास्त वेळ अडकतो, आणि पाठीवर वारा असतो तो पट्टा लवकर संपून जातो. वारा जेवढं घेतो तेवढं परत देत नाही. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशीची फेरी हमखास महाग पडते, आणि वेळेसमोर वारा लिहिला नाही तर महिन्याभराने त्या वेळेचा अर्थ लागत नाही. हे लिहायचं काम कुठलंही यंत्र माझ्याइतकं नीट करणार नाही. त्यासाठी वही आहे.

अशा फेरीसाठी सायकलला कोणता मीटर लावावा? मीटर हा दुकानातला शब्द. खोक्यावर सायकल कॉम्प्युटर असं छापलेलं असतं. नव्याने सराव सुरू करणारी मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा एखादा रंगीत पडद्याचा जीपीएस असतो: नकाशा, हृदयाचे ठोके, पॅडलवरची ताकद, सूर्यास्ताची वेळ, फोनवर आलेले निरोप. त्याच्या किमतीत एक बरी सायकल येते. दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ या लांब पल्ल्याच्या सफरीला अनोळखी रस्त्याने रात्रभर जाणाऱ्याला तो हवाच, आणि वॉटचे आकडे घेऊन शिस्तीत सराव करणाऱ्यालाही. पण ज्याला एकाच रस्त्यावर, एकाच खांबापासून त्याच खांबापर्यंत किती वेळ लागला एवढंच पाहायचं आहे, त्याने कमीत कमी गोष्टी जाणणारा मीटर घ्यावा. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. कमी जाणणाऱ्या यंत्राची प्रत्येक गोष्ट आपल्याला तपासून पाहता येते, आणि तपासता येतं त्याच्यावरच भरवसा टाकता येतो.

साध्या वायरच्या मीटरला खरं तर एकच गोष्ट कळते: चाक एकदा फिरलं. बाकी सगळा त्याचा हिशेब. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडर यांनी १८९५ साली सायक्लोमीटर आणला. पुढच्या चाकाच्या आऱ्यावर एक पिन, आणि चिमट्याजवळ चांदणीच्या आकाराचं छोटं चाक. दर फेऱ्याला पिन त्या चांदणीला एक टोला देई, आतले दाते एकेक घर सरकत आणि मैलांचे आकडे पुढे जात. आजच्या मीटरमध्ये टोला नाही, लोहचुंबक आहे. आऱ्यावर चुंबक, चिमट्यावर सेन्सर, आणि सेन्सरच्या प्लॅस्टिकच्या पोटात रीड स्विच. बेल लॅबोरेटरीजच्या वॉल्टर एलवूड यांनी तो १९३६ मध्ये शोधला. टेलिफोन एक्स्चेंजच्या कामी आला, आणि जपानच्या कॅटआयने १९८१ साली आपला पहिला सायकल कॉम्प्युटर काढला त्याच्या पुष्कळ आधीपासून तो जगभर वापरात होता.

एखादा बिघडलेला सेन्सर हाती लागला तर जरूर फोडून पाहावा. आत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची काचेची नळी निघते. दोन्ही टोकांनी एकेक चपटी धातूची पट्टी आत शिरलेली, आणि मधे त्या एकमेकींवर आलेल्या, पण न टेकलेल्या. प्रकाशात धरलं की मधली केसभर फट दिसते. चुंबक जवळ न्यावा. पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आणि कानाजवळ धरलं तर टिक् असा बारीक आवाज येतो. चुंबक दूर नेला की पुन्हा टिक्. दोन्ही बाजूंनी काच वितळवून बंद केलेली असल्यामुळे धूळ, चिखल, पावसाचं पाणी त्या फटीपर्यंत पोचत नाही. ताशी तीसच्या वेगाला हे सेकंदाला जवळजवळ चार वेळा होतं, माझ्या एका फेरीत सुमारे अठ्ठावीसशे वेळा. एवढ्या साध्या गोष्टीवर सगळा मीटर उभा आहे, आणि ती गोष्ट आपल्या डोळ्यांना दिसते याचं मला अजूनही अप्रूप आहे. जोडताना चुंबक आणि सेन्सर यांच्यात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही आणि केबल टाय घट्ट आवळायचा. मीटर मधेच शून्य दाखवायला लागला तर आधी हे अंतर पाहावं. बहुतेक वेळा खड्ड्यांनी सेन्सर फिरलेला असतो.

चाक फिरलं एवढं त्याला कळतं, पण एका फेऱ्यात सायकल किती पुढे गेली ते कळत नाही. ते आपण सांगायचं. बरोबरच्या पुस्तिकेत टायरच्या मापांसमोर परिघ दिलेले असतात. ७०० बाय २५ च्या टायरला २१०५ मिलिमीटर, २८ च्या टायरला २१३६. बहुतेकजण तो आकडा भरतात आणि मोकळे होतात. त्याने बिघडत काही नाही, पण स्वतः मोजण्यासारखं सुख नाही.

आम्ही ते इमारतीच्या पार्किंगमध्ये करतो. मी आणि माझी भाची, कारण हे एकट्याचं काम नाही. आधी पंपाने रोजची हवा भरायची, कमी नाही, जास्त नाही. पुढच्या चाकाचा व्हॉल्व बरोबर खाली आणून तिथे फरशीवर खडूची रेघ. मग मी सायकलवर बसते, कारण अंगाच्या वजनाने टायर दबतो, त्याची त्रिज्या किंचित कमी होते, आणि रिकाम्या सायकलचं माप माझ्या उपयोगाचं नाही. ती मागून सीट धरते आणि हळूहळू ढकलत नेते. एका फेऱ्यावर थांबायचं नाही. तीन होऊ द्यायचे, म्हणजे खडू इकडेतिकडे झाल्याची चूक तिन्हींत वाटली जाते. “आत्या, हँडल हलवू नकोस गं, नागमोडी गेलं की माप वाढतंय,” असं ती बजावते, आणि ते अगदी खरं आहे. तिसऱ्यांदा व्हॉल्व खाली आला की दुसरी रेघ. सुताराचा टेप लावायचा, तिनाने भागायचं. आमचं माप पुस्तिकेपेक्षा सात मिलिमीटरने कमी भरलं: २०९८. सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सहा किलोमीटरमागे वीस मीटर होतात.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मीटर निवडताना तीच निर्णायक आहे. या वीस मीटरांनी माझ्या फेरीच्या वेळेत एका सेकंदाचाही फरक पडत नाही. वेळ ठरते खांबापाशी बटण दाबण्याने. चाकाचा परिघ चुकला तर वेग चुकेल, अंतर चुकेल. खांब काही हलणार नाही. अंतराला माझ्या लेखी दुसरंच काम आहे. प्रत्येक फेरीला ते दहा-वीस मीटरांच्या आत सारखंच आलं पाहिजे. नाही आलं, तर एक तर सेन्सरने काही फेरे गाळले, नाहीतर मी एखादं वळण कापलं, नाहीतर बटण खांबाच्या आधी किंवा नंतर दाबलं. म्हणजे वेळ खरी की खोटी हे अंतर सांगतं. त्यासाठी ते बिनचूक असण्याची गरज नाही, रोज सारखं असण्याची आहे. शंभर मीटरला एकशे एक म्हणणारी पट्टी जर कायम एकशे एकच म्हणत असेल, तर कालची आणि आजची तुलना करायला ती पुरते. कधी नव्व्याण्णव आणि कधी एकशे दोन म्हणणारी पट्टी, तिची सरासरी अगदी अचूक असली तरी, माझ्या कामाची नाही.

जीपीएसबद्दल माझी अडचण नेमकी इथे येते. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने नागरी वापरासाठी मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, तेव्हापासून ते तंत्र सामान्य माणसाच्या हातात खऱ्या अर्थाने आलं, आणि आज मोकळ्या आकाशाखाली ते काही मीटरांत जागा सांगतं. रस्ता शोधायला ते उत्तम. पण ‘इथे आलो की लॅप आपोआप संपव’ असं त्याला सांगितलं, तर एखाद्या दिवशी तो खांबाच्या पाच मीटर अलीकडे संपवतो, एखाद्या दिवशी पाच मीटर पलीकडे. ताशी छत्तीसला सायकल सेकंदाला दहा मीटर जाते. पाच मीटर म्हणजे अर्धा सेकंद, आणि दोन्ही बाजूंनी धरला तर एक सेकंद. महिनाभर घाम गाळून फेरीतून तीन सेकंद काढणाऱ्याला त्यातला एक सेकंद यंत्राच्या खात्यात टाकणं परवडत नाही. तिथे लॅपचं बटण हातानेच दाबावं. मग जीपीएससुद्धा या कामाला चांगला आहे, फक्त गरजेपेक्षा मोठा.

साध्या मीटरमध्येही दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. पहिली म्हणजे त्याचं घड्याळ कधी थांबतं. स्वस्त मीटर बहुधा चाक थांबलं की वेळही थांबवतात. सहलीला गेलेल्याला ते सोयीचं. चहाला थांबलेली वीस मिनिटं सरासरीत येत नाहीत. सरावात ते घातक आहे. फेरीत ट्रॉली आडवी आली, पाय टेकवावा लागला, पस्तीस सेकंद गेले. मीटर म्हणतो बारा मिनिटं पाच सेकंद, आणि खांब ते खांब बारा चाळीस झालेले असतात. शिवाय त्या पस्तीस सेकंदांत पायांना विसावा मिळालेला असतो, म्हणजे बारा पाच हा आकडा दुप्पट गोड आहे. अशी फेरी वहीत ‘थांबले’ असं लिहून बाजूला ठेवावी. ही सोय बंद करता येत नसेल तर तो मीटर वेग आणि अंतर पाहण्यापुरताच वापरावा.

दुसरी म्हणजे सरासरी वेग. तो आकडा सगळ्यांना आवडतो, गप्पांत सांगायला सोपा जातो, पण लॅपसाठी तो फार जाड आहे. मीटर दशांशाचं एक घर दाखवतो. सहा किलोमीटरच्या फेरीत ताशी ३० म्हणजे बारा मिनिटं, ताशी ३०.१ म्हणजे ११ मिनिटं ५७.६ सेकंद. दोन-सव्वादोन सेकंदांची सुधारणा त्या एका दशांशाच्या पोटात गडप होऊन जाईल आणि आपण म्हणू, काही फरक नाही. वेळेत ती लगेच दिसते.

म्हणून मी हँडलवर दोन वस्तू बांधते. एक वायरचा मीटर. दुसरं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे काळं प्लॅस्टिकचं घड्याळ, जे १९८९ पासून जवळजवळ जसंच्या तसं मिळतं. त्याचं स्टॉपवॉच सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतं, एकोणसाठ मिनिटं एकोणसाठ सेकंदांपर्यंत चालतं, आणि चालू असताना स्प्लिट दाबला की आकडा गोठतो पण आतली मोजणी सुरूच राहते. तेवढ्यात तो वाचायचा, पुन्हा दाबायचा, पुढची फेरी आपोआप चालू झालेली असते. लॅप साठवून ठेवण्याची सोय त्यात नाही. आकडा डोक्यात धरावा लागतो आणि पुढच्या फेरीभर तो डोक्यात राहतो. मला हे आवडतं. हँडलला आधी जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून त्यावर पट्टा आवळला की घड्याळ फिरत नाही.

बटणाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. दुकानात काचेच्या कपाटावर मीटर ठेवून कोरड्या बोटाने दाबून पाहिलं तर सगळीच बटणं चांगली वाटतात. पण फेरीच्या शेवटी नाडी एकशे सत्तरच्या वर असते, हातमोजे घामाने भिजलेले असतात आणि मान खाली घातलेली असते. तेव्हा न बघता, अंगठ्याने, एकदाच दाबून काम झालं पाहिजे आणि ते झालं हे बोटाला कळलं पाहिजे. पडद्यावर बोट फिरवायला लावणारी यंत्रं इथे नापास होतात. काही मीटरमध्ये वेगळं बटण नसतंच, अख्खा मीटर त्याच्या बैठकीवर खाली दाबायचा. ती रचना मला फार शहाणपणाची वाटते. दुकानात गेलात तर हातमोजे घालून जा आणि डोळे मिटून दाबून पाहा. आमच्याकडच्या एका दुकानदाराने आधी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं होतं, मग स्वतःच म्हणाला, “ताई, बरोबर आहे, बोटाला समजलं पाहिजे.”

टिकाऊपणात वायर जिंकते. बिनतारी साधे मीटर दिसायला सुटसुटीत, पण त्यांतल्या जुन्या पद्धतीच्या मीटरना शेजारचा लुकलुकणारा एलईडी दिवा किंवा उच्चदाबाची लाइन मधेच भलताच वेग दाखवायला लावते. वायर तुटते तेव्हा तुटलेली दिसते. पावसाळ्यात मीटर आणि त्याची बैठक यांच्यामधल्या तांब्याच्या टाचण्यांवर हिरवट थर चढतो; कोरड्या फडक्याने पुसला की काम भागतं. आत एकच बटण सेल, सीआर२०३२, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळणारा. सेल काढला की पुष्कळ मीटर परिघही विसरतात आणि आजवरचे एकूण किलोमीटरही, म्हणून दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर असावेत.

हे सगळं झालं मोजण्याचं. ते पाहायचं कधी, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. आँरी देग्रांज यांनी १८९३ साली पॅरिसमध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापले. पुढे टूर द फ्रान्स सुरू करणारे तेच. एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ केले, फिलिप्पो गान्ना यांनी २०२२ मध्ये ५६.७९२. हँडलवरचा आकडा बघत हे विक्रम घडत नाहीत. ट्रॅकच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक दर फेरीची वेळ सांगतो, आणि रायडर ती ऐकून पाय तेवढेच ठेवतो. आकडा फेरी संपल्यावर येतो, मधे नाही.

आणि ग्रेग लेमाँड. १९८९ च्या टूरच्या अखेरच्या दिवशी व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतची साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होती आणि ते लॉराँ फिन्याँ यांच्यापेक्षा पन्नास सेकंद मागे होते. मधल्या वेळा मला सांगू नका, असं त्यांनी आपल्या गाडीला बजावून ठेवलं होतं. २६ मिनिटं ५७ सेकंदांत ते पोचले आणि तीन आठवड्यांची ती शर्यत आठ सेकंदांनी जिंकले. सायकलवर ताकद मोजणारं यंत्र वापरायला सुरुवात करणाऱ्या अगदी पहिल्या मोठ्या रायडरांपैकी हाच माणूस, म्हणजे आकड्यांचं वावडं असलेला नव्हे. आकडा कधी लागतो आणि कधी पायात येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

भाची यंदा शालेय स्पर्धेच्या जिल्हा फेरीत टाइम ट्रायलला उतरते आहे. तिच्या सायकलला मी माझ्यासारखाच मीटर लावून दिला, परिघ मोजला, वहीही दिली. पहिल्या काही सरावांत ती सारखी खाली बघायची. वेग अठ्ठावीसवर आला की घाबरून जोर मारायची आणि वाऱ्याच्या पट्ट्यात पोचेपर्यंत पायांतली ताकद संपलेली असायची. मी काही बोलायच्या आत तिनेच काळी इन्सुलेशन टेप आणली आणि वेगाच्या मोठ्या आकड्यावर चिकटवली. खालची अंतराची ओळ तेवढी उघडी ठेवली.

“आत्या, वेग किती ते मला पायांनी कळतंय,” ती म्हणाली. “निम्मी फेरी झाली का, एवढंच दिसू दे.”

मग तिचा अर्धा टप्पा नेमका कुठे पडतो ते आम्ही मोजायला निघालो. तीन किलोमीटरचा आकडा एका गोदामाच्या फाटकाशी येतो. तिच्या मीटरवर तो फाटकाच्या थोडा अलीकडे येतो, म्हणजे त्यात भरलेला परिघ खऱ्यापेक्षा किंचित मोठा असावा. पुढच्या सुट्टीला तिच्या सायकलची हवा तपासून परिघ पुन्हा काढायचा आहे. खडू संपलाय, तो आणायचा आहे.